तरव्यात जेवढी रोपं तेवढीच लावणी: २६ व्या वर्षी हेअर ट्रान्सप्लांट करू का?

पत्र: "ताई, मी २६ वर्षांचा, मूळ संगमेश्वर तालुक्यातला, नोकरी पुण्यात हिंजवडीला. २२ व्या वर्षापासून कपाळ मागे सरकतंय आणि आता भोवऱ्यातही कातडी दिसायला लागलीये. बाबांना आणि मामाला पूर्ण टक्कल. साखरपुडा झालाय, लग्न फेब्रुवारीत. बाहेर पडताना हेअर फायबर (टक्कल झाकायची पावडर) मारतो, तिला अजून माहीत नाही. एका क्लिनिकच्या काउन्सेलरने, लग्नाची तारीख सांगितल्यावरही, एका दिवसात ४५०० ग्राफ्ट, लाइफटाइम गॅरंटी आणि शाळेत होती तशी हेअरलाइन करून देतो म्हटलंय, महिनाअखेरपर्यंत डिस्काउंट, बाकी ईएमआय. नोव्हेंबरची तारीख घेऊन १०,००० टोकन भरलंय. एफयूई, एफयूटी, डीएचआय यातलं कुठलं करू? की मित्र म्हणतो तसं इस्तंबूलला जाऊ?"

अरे, तुला महिनाअखेरची घाई आहे म्हणून आधी उत्तर देते, कारणं मागून सांगते. नोव्हेंबरमध्ये ऑपरेशन करू नकोस. कधीच करू नको असं मी म्हणत नाहीये, तुला पुढे याचा चांगला उपयोग होऊ शकतो, पण आत्ता नको, ४५०० नको आणि शाळेतली हेअरलाइन तर अजिबात नको.

मी हे का बोलतेय तेही सांगते. मी अकरा वर्षं एका सर्जनकडे मायक्रोस्कोपखाली ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे छोटे पुंजके, वेगळे करायला बसायचे, रोज सहा-सहा तास, त्यामुळे या कामातलं बरंच जवळून बघितलंय. आणि दुसरं म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. तो तुझ्यापेक्षाही लहान होता तेव्हा, २४ चा, मला न विचारता दुसरीकडे जाऊन करून आला. त्याचं पुढे सांगते.

तू कोकणातला, माझं माहेर लांज्याचं, म्हणून तुला भाताच्या भाषेत सांगते कारण हे ऑपरेशन म्हणजे खरंच लावणी आहे. तरवा एका जागी असतो, तिथून रोपं काढायची, मुठी बांधायच्या, सुकू द्यायच्या नाहीत आणि खाचरात नेऊन लावायच्या. इथे तरवा म्हणजे तुझ्या डोक्याचा मागचा आणि कानामागचा पट्टा. बाबांचं डोकं आठव, सगळं गेलं तरी मागे घोड्याच्या नालासारखी झालर राहिलीये की नाही? पुरुषांच्या टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं हार्मोन पुढच्या आणि भोवऱ्याच्या मुळांना हळूहळू बारीक करत नेतं, मागच्या मुळांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. आणि मजबूत मूळ पुढे नेऊन लावलं तरी ते आपला मूळचा गुण सोडत नाही, हे न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी दाखवलं, १९५२ मध्ये पहिलं ऑपरेशन केलं आणि १९५९ मध्ये ते छापून आलं. त्याच्याही आधी १९३९ मध्ये जपानमध्ये डॉ. शोजी ओकुदा यांनी जळलेल्या जागी असे केस लावले होते. सगळा धंदा मुळाच्या त्या एका गुणावर उभा आहे.

पण तरव्यात जेवढी रोपं तेवढीच लावणी होणार ना रे. ट्रान्सप्लांटने नवीन केस तयार होत नाहीत, एकीकडचे उचलून दुसरीकडे लावले जातात आणि जिथून काढले तिथे परत येत नाहीत. बहुतेकांच्या मागच्या पट्ट्यातून आयुष्यभरात मिळून साधारण ४ ते ६ हजार ग्राफ्ट धडपणे निघतात, कुणाचे जास्त, कुणाचे कमी. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस. आता टक्कल पूर्ण पडलं, म्हणजे नॉरवूड स्केलवर सहाव्या-सातव्या ग्रेडला गेलं (सात ग्रेडचं ते मोजमाप आहे, तू सध्या तिसऱ्यात वाटतोस, भोवरा धरून), तर मोकळी जागा दीडशे-दोनशे चौरस सेंटीमीटर सहज होते. दर चौरस सेंटीमीटरला ४० ग्राफ्ट लावायचे म्हटले तर २०० गुणिले ४०, झाले ८०००. तेवढे तुझ्याकडे नाहीत, कुणाकडेच बहुधा नसतात. म्हणून चांगला सर्जन तुझं आजचं डोकं बघून आखणी करत नाही, तू पन्नाशीत कसा दिसशील ते डोक्यात ठेवून करतो. टक्कल आईकडून येतं म्हणतात ते अर्धंच खरं आहे, दोन्ही बाजूंनी येतं, आणि तुझ्याकडे दोन्ही बाजूंना आहे. २२ ला सुरू झालंय म्हणजे पुढे सरकणार असंच धरून चालायला हवं. आणि तुझे ४५०० ग्राफ्ट हे लोक २६ व्या वर्षी एका दिवसात काढून पुढच्या चार बोटं जागेत भरणार. मग चाळिशीत भोवरा मोकळा झाला की तिथे काय लावशील?

माझ्या भावाचं हेच झालं. त्याला हेअरलाइन खाली हवी होती, त्यांनी दिली, भुवईच्या वर जेमतेम चार बोटांवर, सरळ रेषेत, पट्टी ठेवून आखल्यासारखी. पहिली तीन-चार वर्षं तो खूष होता, खोटं कशाला बोलू, आम्ही सगळेच खूष होतो. नंतर त्या लावलेल्या केसांच्या मागचे त्याचे स्वतःचे केस गळत गेले, ते तर गळणारच होते, ऑपरेशनने ते थांबत नाहीत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आज तो ३८ चा आहे. पुढे केसांचं कुंपण, मागे मोकळा माळ. आणि मागचा पट्टा इतका ओरबाडलाय की भरायला शिल्लक नाही. मला एकदा म्हणाला, ताई, नुसतं टक्कल असतं तर टक्कल म्हणून फिरलो असतो, आता धड तेही नाही. मी त्याच कामात होते आणि माझ्या घरात हे झालं, ते मला अजून सलतं, म्हणून तुला इतकं तळमळून लिहितेय.

आता लग्नाचं. नोव्हेंबरच्या मध्यावर केलंस तर काय होईल बघ. पहिल्या आठवड्यात खपल्या, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाला सूज, ती कधी डोळ्यांपर्यंत उतरते. आठ-दहा दिवसात खपल्या जातात आणि वाटतं झालं. मग दोन ते चार आठवड्यात लावलेले केसच गळायला लागतात. घाबरायचं नसतं, लावणीनंतर रोप पिवळं पडतं आणि मग धरतं तसं आहे, मूळ आत जिवंत असतं, पण दिसायला केस गेलेलेच दिसतात. काहींचे आजूबाजूचे जुने केसही धक्क्याने तात्पुरते गळतात. नवीन कोंब तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, तेही पातळ, आणि खरा रिझल्ट ९ ते १२ महिन्यांनी, भोवऱ्यात तर दीड वर्ष लागू शकतं. म्हणजे फेब्रुवारीत अक्षता पडतील तेव्हा तू आजच्यापेक्षा विरळ दिसशील आणि सगळे फोटो त्याच अवस्थेतले. त्या काउन्सेलरला तुझ्या लग्नाची तारीख माहीत होती असं तूच लिहिलंयस ना, तरी त्याने हे सांगितलं नाही, एवढ्यावरच मी ते क्लिनिक सोडलं असतं.

बरं, आता तू विचारलेली ती तीन नावं. एफयूटी म्हणजे मागून साधारण एक-दीड सेंटीमीटर रुंदीची कातडीची लांब पट्टी काढायची, टाके घालायचे आणि ती पट्टी मायक्रोस्कोपखाली एकेका ग्राफ्टमध्ये सोडवायची (हेच माझं काम होतं). टाके १०-१४ दिवसांनी निघतात, मागे एक आडवी रेघ कायमची राहते, केस थोडे वाढवले की झाकली जाते पण एक-दोन नंबरची मशीन मारलीस तर दिसणार. फायदा हा की मधल्या उत्तम भागातली मुळं मिळतात आणि बाकीचा पट्टा शाबूत राहतो. एफयूईमध्ये पाऊण-एक मिलिमीटरच्या पंचने, म्हणजे बारीक गोल पात्याने, एकेक ग्राफ्ट सुटा काढतात. रेघ नाही, दुखणं कमी, कामावर लवकर जाता येतं, म्हणून आता बहुतेक जण हेच करतात. पण "बिनटाक्याचं" म्हणजे बिनव्रणाचं असं कुणी समजू नये, प्रत्येक भोकाचा बारीक पांढरा ठिपका राहतो आणि हावरटपणे काढले तर मागचं डोकं कसर लागलेल्या कापडासारखं दिसतं. पंच जरा तिरका गेला की मूळ मधूनच कापलं जातं आणि ते तुझ्या खात्यातून गेलं ते गेलंच.

डीएचआय ही तिसरी पद्धत म्हणून विकतात पण काढायचं एफयूईनेच, फक्त लावताना पेनासारखं इम्प्लान्टर वापरतात, ते पेन कोरियात डॉ. चोई यांनी तयार केलं. चांगल्या हातात चांगलं आहे. नुसत्या त्या नावासाठी जास्त पैसे द्यावेत असं मला वाटत नाही. खरं सांगायचं तर पद्धतीपेक्षा हात कुणाचा आणि आखणी कुणाची हेच महत्त्वाचं, पुढची रेघ एकेरी केसांच्या ग्राफ्टनेच करायची, थोडी वेडीवाकडी ठेवायची, केसाचा कल मूळ केसांसारखा धरायचा, आणि काढलेले ग्राफ्ट थंड सलाइनमध्ये ओले ठेवायचे. टेबलावर ग्राफ्ट सुकले की मेले, तरव्याची मूठ उन्हात टाकावी तसं, आणि ते पेशंटला कळतच नाही, त्याला सहा महिन्यांनी कळतं.

टाळू कमी करायचं ऑपरेशन, म्हणजे टकलाची कातडी कापून दोन्हीकडून ओढून शिवायची, ते आता जवळपास कुणी करत नाही, कातडी परत ताणते आणि व्रण राहतो. कातडीखाली फुगा घालून केसांची कातडी वाढवायची पद्धत आहे, ती भाजलेल्या किंवा अपघाताच्या व्रणांसाठी फार उपयोगी, तुझ्यासाठी नाही. नकली धागे डोक्यात रोवतात त्याच्या वाटेलाही जाऊ नकोस, अमेरिकेच्या एफडीएने त्यावर १९८३ मध्येच बंदी घातली कारण जंतुसंसर्ग आणि गाठी व्हायच्या. दाढीचे केस मात्र कधी कधी मधल्या भागात भर म्हणून चालतात, जाड असतात म्हणून पुढच्या रेघेत नको. आणि केसांचं क्लोनिंग करून देतो असं कुणी म्हणालं तर उठून चालू लाग, तसं काही अजून पेशंटसाठी आलेलं नाही.

मग आत्ता करायचं काय? आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, एमडी स्किन असलेल्या, क्लिनिकच्या काउन्सेलरकडे नाही. डोक्यावर कॅमेरा लावून बघतील, ट्रायकोस्कोपी म्हणतात. हे वंशपरंपरेचंच टक्कल आहे ना याची खात्री होऊ दे, कारण डेंग्यू-टायफॉइडनंतर किंवा क्रॅश डाएटनंतर गळलेले केस आपोआप परत येतात, आणि चाई असेल तर तिथे ट्रान्सप्लांट सहसा करत नाहीत. तुझं वर्णन वंशपरंपरेचंच वाटतंय पण मी डॉक्टर नाही.

मग औषधं. लावायचं मिनॉक्सिडिल आणि घ्यायची फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, जी एफडीएने १९९७ मध्ये टकलासाठी मान्य केली आणि जी तेच डीएचटी कमी करते. मिनॉक्सिडिल सुरू केल्यावर पहिले काही आठवडे केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून बरेच जण सोडतात आणि तिथेच चुकतात. गोळीबद्दल मात्र उघड बोलायला हवं. थोड्या लोकांना इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं असे त्रास होतात, काहींना मन खिन्न होतं, कधी वीर्याच्या रिपोर्टवर फरक पडतो, बहुतेकांचं गोळी बंद केल्यावर सुधारतं पण काही जणांनी त्रास नंतरही राहिल्याचं सांगितलंय. तुझं लग्न होतंय, पुढे मूल हवं असेल, तेव्हा हे सगळं डॉक्टरांशी लाज न बाळगता बोल आणि मग ठरव. मेडिकलमधून स्वतःच आणून सुरू करू नकोस. पुढे बायको गरोदर असेल तेव्हा तिने या गोळीचे तुकडे किंवा भुगा हाताळायचा नसतो हेही लक्षात ठेव. कमीत कमी एक वर्ष याला दे. गळती थांबली, जे आहे ते टिकलं, की मग तिशीच्या आसपास मोजके ग्राफ्ट, दोन-अडीच हजार म्हण, थोड्या वर ठेवलेल्या, वयाला शोभेल अशा हेअरलाइनसाठी. बाकीचा तरवा पुढच्यासाठी राखून.

तेव्हा करशील तर कुणाकडे, हे आत्ताच ऐकून ठेव. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट केलंय की वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघून हे शिकणं पुरेसं नाही, प्लास्टिक सर्जरी आणि त्वचारोग शिकलेल्यांच्या अभ्यासक्रमात हे काम येतं. डॉक्टरचं नाव महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या रजिस्टरमध्ये शोध. समोर बसून विचार, पंच कोण मारणार, चिरा कोण देणार, तुम्ही पूर्ण वेळ खोलीत असणार का. माझ्यासारखे टेक्निशियन ग्राफ्ट साफ करतात, लावायला मदत करतात, ते ठीक आहे, पण कातडी कापणं हे आमचं काम नाही आणि नसायला पाहिजे. इस्तंबूलचं तेच सांगते, तिथे उत्तम डॉक्टरही आहेत, पण हॉटेलसकट पॅकेजवाल्या बऱ्याच ठिकाणी डॉक्टर फक्त रेघ आखून जातो आणि पुढचं सगळं दुसरेच करतात, आणि महिन्याने काही बिघडलं तर तू हिंजवडीत बसून कुणाला दाखवणार?

एका दिवसात ४५०० ला मी नाही म्हणते त्याचं अजून एक कारण आहे. भुलेचं औषध, लिडोकेन, वजनावर मोजून द्यायचं असतं, अॅड्रिनलिनसोबत किलोमागे साधारण ७ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा, तू ६५ किलोचा असशील तर साडेचारशेच्या आसपास. जितका मोठा सेशन तितकी पुन्हा पुन्हा भूल, आणि मोजायला शिकलेला माणूस खोलीत नसेल तर ते हृदयापर्यंत जाऊ शकतं. २०१९ मध्ये मुंबईत एक व्यावसायिक खूप मोठ्या सेशननंतर दोन दिवसांत गेला, तोंडाला सूज आणि श्वासाला त्रास झाला होता, डॉक्टरांना तीव्र अॅलर्जीचा संशय होता. २०२५ मध्ये कानपूरच्या दोन इंजिनिअरांच्या मृत्यूची बातमी तू वाचली असशील, ऑपरेशन एका डेंटिस्टने केल्याचा आरोप होता. तुझ्यासारखेच होते रे, नोकरीवाले, घरी वाट बघणारी माणसं असलेले. योग्य हातात हे सुरक्षित ऑपरेशन आहे, हजारो लोक संध्याकाळी घरी जातात, पण म्हणूनच ऑक्सिजन, इमर्जन्सीची औषधं आणि जवळच्या हॉस्पिटलशी बोलणी आहेत का हे विचारायचं, आधी रक्त तपासण्या आणि ईसीजी करायचा, आणि तुला काय काय अॅलर्जी आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते लपवायचं नाही. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर आधीच बंद, रक्तपुरवठा कमी झाला की ग्राफ्ट धरत नाहीत. आणि पुण्यात टू-व्हीलरशिवाय तुझं चालणार नाही पण पहिले दहा-पंधरा दिवस हेल्मेट घालता येत नाही, म्हणजे गाडीही नाही, तेवढी सोय करावी लागते.

पैशाचं थोडक्यात. कॉस्मेटिक ट्रान्सप्लांटवर जीएसटी लागतो, मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही. ४५०० म्हणजे ग्राफ्ट की केस हे लेखी विचार, कारण काही ठिकाणी केस मोजतात आणि ग्राफ्ट म्हणून सांगतात. "लाइफटाइम गॅरंटी" कशाची तेही विचार, लावलेल्या केसांची की डोक्यावरच्या सगळ्या? टोकन परत माग, फोनवर नाही, व्हॉट्सॲपवर लिहून, तारीख टाकून. देतील का नाही माहीत नाही, पण १०,००० गेले तरी चालतील, मागचा पट्टा गेला तर चालणार नाही.

राहिली ती, तुझी होणारी बायको. तिला सांग, या रविवारीच सांग, लग्नाआधी. फायबर मारून तू तिच्याशी बोलतोस तेव्हा तुझं अर्धं लक्ष वाऱ्याकडे आणि पावसाकडे असतं, हे तुझ्या पत्रातच दिसतंय, आणि असं संसाराला लागणं बरं नाही. फायबर धुऊन जा आणि जसा आहेस तसा बस समोर. बाबांना तिने साखरपुड्यात पाहिलंच असेल, तिला अंदाज नसेल असं मला वाटत नाही. औषधाचा विषयही तेव्हाच काढ, कारण तो तिचाही विषय आहे. लग्नासाठी एखाद्या चांगल्या न्हाव्याकडे बारीक, नीट कापलेले केस ठेव, लांब केस पुढे ओढून टक्कल झाकलं की ते जास्त दिसतं, आणि वर फेटा तर असणारच आहे.

आणि आज रात्री एक काम कर. केस ओले करून, ट्यूबलाइटखाली, कुणाला तरी तुझ्या कपाळाचे आणि भोवऱ्याचे फोटो काढायला सांग, तारखेसकट ठेव. दर तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात परत काढ. वर्षभराने सर्जनसमोर बसशील तेव्हा तो पहिला प्रश्न हाच विचारेल की किती वेगाने चाललंय, आणि तुझ्याकडे उत्तर असेल.

— ताई